येळ्ळूरचा गड आणि ऑथेल्लोचा बुरूज

दरवर्षी भाऊबीजेला मी बेळगावला जातो. बेळगावला म्हणजे कंग्राळीला. कंग्राळी ही खरं तर दोन गावं, बुद्रुक आणि खुर्द. बेळगावच्या उत्तर अंगाला, मार्कंडेय नदीच्या बाजूची. धाकट्या बहिणीला तिथे दिली त्याला आता १८ वर्षं झाली. तेव्हा शहर संपलं की शेतं लागायची, मग गाव यायचं. आता शहर कुठे संपतं आणि कंग्राळी कुठे सुरू होते ते कळत नाही. पण दिवाळीत गाव अजून गावासारखं वागतं. दारात आकाशकंदील, ओट्यावर पणत्या आणि अंगणाच्या कोपऱ्यात पोरांनी केलेला मातीचा किल्ला.

आमच्या गोव्यात दिवाळी म्हणजे नरकासुर. आमची पोरं रात्र जागवून कागदाचा राक्षस करतात आणि पहाटे जाळून मोकळी होतात. बेळगावकडची पोरं किल्ला करतात आणि तो तुळशीच्या लग्नापर्यंत जपतात. या दोन दिवाळ्यांवर कधीतरी वेगळं लिहायचं आहे. असो.

तर यंदा भाऊबीजेला पोचलो तेव्हा दोन्ही भाचे कोपरापर्यंत चिखलात होते. विटांचे तुकडे, दगड, त्यावर पाण्यात भिजवलेलं तरट, त्यावर मातीचा लेप. थोरला चौदा वर्षांचा, धाकटा दहाचा.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"किल्ला करूलाव, मामा," धाकटा मान वर न करता म्हणाला. "यंदा राजगड."

थोरल्यानं हात पुसले, पाया पडला आणि म्हणाला, "मामा, तुमी तिकडं परदेशात किल्ले बघून आलासा म्हणे. आई सांगत होती."

"हो, चार-पाच बघितले."

"मग आमचा येळ्ळूरचा बघितलासा काय?"

मी गप्प. अठरा वर्षांत मी बेळगावला किती वेळा गेलो असेन त्याची मोजदाद नाही. कुंदा आणला, साड्यांच्या खरेदीला बायकोला घेऊन गेलो, लग्नं केली, बारशी केली. येळ्ळूरचा राजहंसगड बेळगावपासून पंधराएक किलोमीटरवर. तो मी पाहिलेला नव्हता. आणि भूमध्य समुद्रातल्या सायप्रस नावाच्या बेटावरचे किल्ले मात्र तिकीट काढून, व्हिसा काढून, विमानात बसून पाहून आलो होतो.

या लेखाचं मूळ त्या प्रश्नात आहे.

सायप्रसला मी काही किल्ले पाहायला म्हणून गेलो नव्हतो. आमचा जावई लिमासोलला बोटींचा कारभार पाहणाऱ्या एका कचेरीत असतो. गोव्यात तारवटी घराघरांत. पूर्वी तारवटी बोटीवर जायचा, आता त्याची पोरं बोटींच्या हिशेबाच्या कचेऱ्यांत बसतात, एवढाच फरक. मुलीनं आग्रह केला, आम्ही दोघं पंधरा दिवस जाऊन आलो. समुद्र आम्हाला नवा नव्हता. माणूस कळंगुटजवळ राहत असेल तर परक्या देशात वाळूत पडून राहायचं त्याला काय कौतुक असणार? म्हणून दुसऱ्या दिवसापासून किल्ले सुरू झाले.

पहिला कोलोसीचा. लिमासोलजवळच आहे. किल्ला म्हणायचा तर आपल्या हिशेबानं तो एक बुरूजच. तीन मजली, चौकोनी, दगडी. आज उभा आहे तो १४५४ साली बांधलेला. तो होता योद्धा-संन्याशांच्या एका ख्रिस्ती पंथाचा. हे लोक जेरुसलेमच्या यात्रेकरूंची शुश्रूषा करत आणि तलवारही चालवत. पुढे हाच पंथ ऱ्होड्स बेटावर आणि त्यानंतर माल्टावर राज्य करता झाला. मला त्या बुरुजापेक्षा शेजारची पडकी इमारत आवडली. ती होती साखरेची. पाण्याच्या जोरावर फिरणारी घाणी, रस उकळायची जागा, पाटानं आणलेलं पाणी. ते योद्धे उसाची शेती करायचे आणि साखर युरोपात विकायचे. बेळगाव-संकेश्वर-निपाणीच्या रस्त्यावरून मोसमात गेलेल्या माणसाला त्या भिंतींतून गुळाचा वास आल्याशिवाय राहणार नाही. किल्ला म्हणजे नुसती तलवार नव्हे, त्याच्या पोटाला एक गुऱ्हाळही लागतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर सायप्रसमध्ये कळलं. आमच्या शाळेत किल्ला म्हणजे तारीख आणि लढाई एवढंच होतं.

दुसरा केरीनियाचा, बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर. इथे थोडं थांबून सांगायला हवं. सायप्रस हे आज दोन भागांत चिरलेलं बेट आहे. १९६० साली इंग्रज गेले, बेट स्वतंत्र झालं. पण ग्रीक बोलणारे आणि तुर्की बोलणारे यांचं जमेना. १९७४ साली आधी ग्रीसच्या पाठबळावर सत्तापालट झाला, मग तुर्कस्तानचं सैन्य उतरलं. तेव्हापासून मधून एक रेषा गेली आहे. दक्षिणेतली ग्रीक कुटुंबं उत्तरेतली घरं सोडून आलेली, उत्तरेतली तुर्की कुटुंबं दक्षिणेतली घरं सोडून गेलेली. २००३ पर्यंत सामान्य माणसाला पलीकडे जाताही येत नसे. आता नाक्यावर पासपोर्ट दाखवून जाता येतं. राजधानी निकोसिया तर अकरा बुरुजांच्या गोल तटाच्या आत वसलेली, आणि ती रेषा त्या तटाच्याही मधून गेलेली. किल्ल्याचे काही बुरूज या बाजूचे, काही त्या बाजूचे. सीमाभागात ज्याचं जाणं-येणं आहे त्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

केरीनियाच्या किल्ल्यात एक जहाज ठेवलं आहे. २३०० वर्षांपूर्वीचं, व्यापारी. १९६५ साली तिथल्याच एका पाणबुड्याला ते समुद्राच्या तळाशी दिसलं. त्यात तेला-दारूचे रांजण होते, हजारो बदाम होते आणि खलाशांची भांडीकुंडी होती. चार चमचे, चार पेले. म्हणजे चार खलाशी. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभा होतो. राजे-महाराजे, सरदार यांच्या वस्तू पुष्कळ पाहिल्या. किल्ल्यात चार गरीब तारवटी लोकांचे चमचे जपून ठेवलेले मी पहिल्यांदा पाहिले.

आणि तिसरा फामागुस्ताचा. शहराच्या तटातला हा बंदरावरचा किल्ला, त्याला ऑथेल्लोचा किल्ला म्हणतात. दारावर व्हेनिसचा पंख असलेला सिंह आणि १४९२ ही तारीख. शेक्सपिअरनं ऑथेल्लोची गोष्ट सायप्रसमधल्या एका बंदरात घडवली, म्हणून लोकांनी या किल्ल्याला त्याचं नाव चिकटवून टाकलं. आमच्या मराठी माणसाला ऑथेल्लो परका नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये त्याचा 'झुंझारराव' केला. नाटक म्हटलं की आम्हा गोवेकरांचे कान टवकारतातच. बायकोला म्हटलं, "हे झुंझाररावाचं घर." ती म्हणाली, "मग कमळजेला इथेच मारली असेल." तटावर वारा भणाणत होता आणि आम्ही दोघं देवलांची उजळणी करत होतो.

पण मला तुम्हाला सांगायचं आहे ते नाटकाबद्दल नाही, दारापाशी वाचलेल्या फलकाबद्दल. हा किल्ला उत्तरेत, म्हणजे तुर्की बाजूला. मोडकळीला आला होता. त्याची दुरुस्ती होऊन २०१५ साली तो पुन्हा उघडला. आणि ही दुरुस्ती केली दोन्ही बाजूंनी मिळून. २००८ साली दोन्ही समाजांच्या नेत्यांनी ठरवून एक समिती नेमली. तिच्यात ग्रीक बाजूचे आणि तुर्की बाजूचे लोक बरोबरीनं बसतात. काम एकच, बेटावरच्या जुन्या वास्तू वाचवायच्या. उत्तरेतली चर्चेस ओस पडली होती, दक्षिणेतल्या मशिदी ओस पडल्या होत्या. समिती दोन्ही करते. पैसा मुख्यतः युरोपीय संघाचा, देखरेख संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाची. २०२१ मध्ये या समितीला युरोपातला वारशासाठीचा मोठा पुरस्कारही मिळाला.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की कुणीही आपला दावा सोडलेला नाही. ग्रीक बाजू उत्तरेतलं सरकार मानत नाही, तुर्की बाजू ते आहे म्हणते. वाटाघाटी होतात, मोडतात, पुन्हा होतात. घरं गमावलेली माणसं अजून जिवंत आहेत. भांडण जसंच्या तसं आहे. फक्त एवढंच ठरलं की भांडण मिटेपर्यंत भिंत पडू द्यायची नाही.

हे सगळं मी कंग्राळीच्या सोप्यात बसून मोठ्या तोंडानं सांगत होतो आणि समोर दहा वर्षांचा पोरगा चिखलाचे हात घेऊन विचारत होता, येळ्ळूरचा बघितलासा काय.

ओवाळणी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्यांना घेऊन निघालो. आधी बेळगावचा भुईकोट. हा शहरातच आहे. याच्या समोरून मी शेकडो वेळा गेलो असेन. भोवती खंदक, दरवाजाशी एक गणपती आणि एक दुर्गा. आत सरकारी कचेऱ्या आहेत, लष्कर आहे, रामकृष्ण आश्रम आहे. स्वामी विवेकानंद १८९२ साली बेळगावला आले होते आणि इथूनच पुढे आमच्या मडगावला गेले, हे किती गोवेकरांना आठवतं?

आत कमल बस्ती नावाचं जैन मंदिर आहे. १२०४ सालचं. रट्ट राजांचा बीचिराज नावाचा अधिकारी होता, त्यानं बांधलेलं. रट्टांचे लेख कानडीत. गावाचं तेव्हाचं नाव वेणुग्राम. मंडपात उभं राहून वर बघितलं की छतात दगडाचं कमळ उलटं उमललेलं दिसतं. त्याच किल्ल्यात सफा मशीद, आदिलशाहीच्या काळातली. त्यानंतर मराठे, आणि १८१८ मध्ये इंग्रज.

आणि या किल्ल्याचा आमच्या गोव्याशी संबंध आहे, तो तर मला पूर्वी माहीतच नव्हता. १४७२ मध्ये बहामनी वजीर महमूद गावान यानं विजयनगरकडून गोवा घेतला. तो परत मिळवायला विजयनगरच्या इशाऱ्यानं बेळगावचा राजा निघाला. त्याची शिक्षा म्हणून १४७३ मध्ये गावाननं बेळगावला वेढा घातला, सुरुंग लावून तट फोडला आणि किल्ला घेतला. म्हणजे गोव्यापायी बेळगावचा किल्ला पडला. पुढे शंभर वर्षांनी, १५७०-७१ मध्ये, बेळगाव ज्याच्या राज्यात होतं त्या अली आदिलशहानं गोव्याला वेढा घातला आणि पोर्तुगीजांनी तो परतवला. गंमत म्हणजे त्याच वर्षी तिकडे तुर्क फामागुस्ताला वेढा घालून बसले होते आणि ते शहर १५७१ च्या ऑगस्टमध्ये पडलं. ज्या तटावर आम्ही नवरा-बायको झुंझारराव आठवत बसलो होतो तोच तट. एका वर्षी दोन वेढे. एक मला तिकिटाबरोबर मिळालेल्या कागदावर वाचायला मिळाला. दुसऱ्याबद्दल सांगणारं ज्या ठिकाणी कुणी असायला हवं होतं तिथे मी भाच्यांना आठवेल तसं सांगत होतो.

मग येळ्ळूर. गाडी थेट गडापर्यंत जाते. वर गेलं की सगळा मुलूख पायाखाली. बेळगाव शहर, शेतं, लांबवर सह्याद्रीची निळी रेघ आणि तिच्यापलीकडे आपला गोवा. बेळगावच्या किल्ल्याची टेहळणी इथून होत असे म्हणतात, ते वर उभं राहिल्यावर पटतं. आत सिद्धेश्वराचं देऊळ आहे, तट आहे, पाणी आहे. आणि आता शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा आहे.

या पुतळ्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो. २०२३ सालच्या मार्चमध्ये, कर्नाटकात निवडणूक तोंडावर असताना, या पुतळ्याचं अनावरण झालं. एकदा नव्हे, दोनदा. २ मार्चला त्या वेळचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या हस्ते, आणि तीन दिवसांनी तिथल्या काँग्रेसच्या आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांच्या पुढाकारानं पुन्हा. एका पुतळ्याला दोन पडदे. दोन्ही बाजूंना मराठी मतं हवी होती. महाराजांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी आधी तटाची डागडुजी झाली की नाही ते पाहिलं असतं. गडांची व्यवस्था हा त्यांचा कायमचा कामाचा विषय होता.

ऱ्होड्स बेटावर याचं मोठं उदाहरण आहे. तिथला त्या योद्धा-संन्याशांच्या प्रमुखाचा वाडा १८५६ साली दारूच्या स्फोटात उद्ध्वस्त झाला. बेट इटलीच्या ताब्यात असताना, १९३७ ते १९४० मध्ये, मुसोलिनीच्या राजवटीनं तो पुन्हा बांधला, राजानं आणि मुसोलिनीनं सुट्टीला येऊन राहावं म्हणून. आज पर्यटक तो पाहून थक्क होतात. त्यातला जुना किती आणि मुसोलिनीला हवा होता तसा किती, हे जाणकार अजून निवडत बसले आहेत. सत्ताधाऱ्यांना किल्ला आवडतो तो बहुधा मंच म्हणून.

हे मी रात्री जेवताना बोललो. वर म्हटलं, "पुतळा असू दे. पण पाच ओळींचा एक बोर्ड तरी हवा की नको? हा गड कुणी बांधला, कुणाकडे होता, काय बघावं?"

आमचे मेहुणे कमी बोलतात. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "दादा, बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कारण हे येळ्ळूर आहे. याच गावाच्या वेशीवर 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' अशी पाटी होती. २०१४ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून ती काढली. गावकऱ्यांनी पुन्हा उभारली. पोलिसांनी पुन्हा काढली, आणि मग घराघरांत शिरून जो लाठीमार झाला त्याची छायाचित्रं तेव्हा सगळ्या मराठी वर्तमानपत्रांत आली होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचं नाव अधिकृतपणे बेळगावी झालं. १९५६ च्या प्रांतरचनेपासून हा प्रश्न आहे. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. इथे पाटी ही साधी गोष्ट नाही. इथे पाटीसाठी डोकी फुटतात.

मेहुणे पुढे म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही किल्ला बघायला जाताय, आम्ही तसं जात नाही. हपिसात कागद कानडीत, बसवर कानडी, सातबारा कानडीत. वर्षातनं एकदा पोरांना घेऊन गडावर गेलं की आपण कोण ते पोरांना सांगावं लागत नाही. पुतळा कुणी उभारला ते आम्हाला कळतंय की. पण तो बघितला की बरं वाटतं."

या बोलण्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. सायप्रसहून आलेला माणूस चटकन म्हणून जातो की आपल्याकडे लोकांना वारशाची जाण नाही, नुसत्या घोषणा हव्यात. हे खोटं आहे. कंग्राळीत दहा वर्षांचं पोर दिवाळीत राजगडाची एकेक माची मातीत उठवतं, बालेकिल्ला कुठे, पाली दरवाजा कुठे ते सांगतं. असं पोर मला लिमासोलमध्ये दिसलं नाही. प्रेमाची वाण इथे नाही. प्रेम आहे म्हणूनच भीती आहे, आणि भीतीपोटी दोन्ही बाजूंनी गडाला हात लावायचं टाळलं आहे. पुतळ्याला भाषा लागत नाही, म्हणून पुतळा उभा राहिला. बोर्डाला भाषा लागते, म्हणून त्याचं नाव कुणी काढत नाही.

आता माझं मत मांडतो. पटलं तर घ्या.

पहिलं असं की बोर्ड मराठीत आणि कानडीत, दोन्हींत लागावा, आणि तसा आग्रह आधी मराठी माणसानं धरावा. कमल बस्ती कानडी रट्टांची, मशीद आदिलशाहीची, पुढचा काळ मराठ्यांचा. त्या दगडांनी एका भाषेचं कधी ऐकलेलं नाही. कमल बस्तीचं कमळ कानडी माणसानं कोरलं हे मान्य केल्यानं आपल्या दाव्याचं काही बिघडत नाही. उलट, आम्ही जपतो म्हणून आमचं आहे, असं म्हणायला तोंड राहतं.

दुसरं असं की फामागुस्तासारखी एखादी समिती इथे का होऊ नये? बेळगाव, चंदगड, गोवा मिळून. गड तर सीमेच्या दोन्ही अंगांना विखुरलेले आहेत. राजहंसगड, वल्लभगड, भीमगड कर्नाटकात. महिपालगड कोल्हापूर जिल्ह्यात, पण शिनोळीच्या नाक्यावरून बेळगाव हाकेच्या अंतरावर. त्या गडाच्या आत आजही गाव नांदतं आणि उतारावर वैजनाथाचं देऊळ आहे. आणि पारगड! तोही चंदगड तालुक्यात, पण शिवाजी महाराजांनी १६७६ च्या सुमारास तो उभारला तो गोव्यातल्या पोर्तुगीजांवर डोळा ठेवण्यासाठी. तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा तिथला किल्लेदार होता आणि त्यांचे वंशज अजून गडावर राहतात. सिंहगडावर गेलेला मराठी माणूस सांगतो की इथे तानाजी पडला. ज्या रायबाचं लगीन मागे राहिलं त्याचं घर पुढे कुठे वसलं ते विचारा, गोव्यातल्या दहांतले नऊ जण गप्प बसतील. पारगड आपल्या हद्दीला जवळजवळ खेटून आहे.

दोन सरकारं एकत्र येणार नाहीत, हे मलाही कळतं. पण माहिती गोळा करायला सरकार लागत नाही. दोन्ही बाजूंची महाविद्यालयं आहेत, इतिहासाचे प्राध्यापक आहेत, दर रविवारी गडावर जाऊन झाडोरा काढणारी तरुण मुलं आहेत. कानडी लेख वाचणारा एक, मोडी वाचणारा एक आणि गोव्याच्या पुराभिलेखागारातले पोर्तुगीज कागद वाचणारा एक, असे तिघं एका टेबलाशी बसले तरी पुष्कळ होईल. या मुलखाचा इतिहास या तिघांपैकी एकट्याला कधीच पुरा वाचता येणार नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतली जिंजी. आनंद झाला, व्हायलाच हवा. पण जिंजीचं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती तमिळ मुलखात आहे, केंद्राचं पुरातत्त्व खातं तिची निगा राखतं, आणि म्हणून ती मराठ्यांची राहत नाही असं कुणी म्हणालं नाही. मग येळ्ळूरची निगा कर्नाटकानं राखली तर तो आपला राहत नाही, ही भीती कशाला?

आणि आम्हा गोवेकरांनी बेळगावला फार शहाणपण शिकवू नये. आमचा शापोऱ्याचा किल्ला २००१ च्या 'दिल चाहता है' पासून त्या सिनेमाच्या नावानं ओळखला जातो. तिथे सूर्यास्त पाहायला जाणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना संभाजी महाराजांची स्वारी ठाऊक असते? एक रेईस मागूशचा किल्ला मात्र नीट झाला. १९९३ पर्यंत तो तुरुंग होता. पुढे दुरुस्त होऊन २०१२ मध्ये उघडला, आणि तिथे आमच्या मारिओ मिरांडाची चित्रं लावली आहेत. म्हणजे मनावर घेतलं तर आपल्याकडेही जमतं.

निघायच्या दिवशी सकाळी अंगणात गेलो. राजगडाशेजारी थोरल्यानं एक छोटी मातीची टेकडी उभी केली होती. वर सपाट, कडेनं तट, मध्ये काडेपेटीचं देऊळ. येळ्ळूर. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मराठीत नाव लिहिलं होतं. खाली कानडीतही. शाळेत त्याला कानडी सक्तीनं शिकावं लागतं आणि त्यात त्याला मार्क कमी पडतात, म्हणून एक अक्षर खोडून पुन्हा काढलं होतं.

मी काही बोललो नाही. त्याला मी रात्रीचं बोलणं ऐकू आलं का, असंही विचारलं नाही. मेहुणे शेजारी ब्रशनं दात घासत उभे होते. त्यांनी पाटी वाचली, चूळ भरली आणि म्हणाले, "पुढच्या दिवाळीला एक दिवस आधी या. पारगडला जाऊन येऊ."

तेव्हा मित्रहो, आपलं बेळगावला जाणं-येणं असतंच. आपली भाजी तिथून येते, चतुर्थीच्या आधीची खरेदी तिथे होते. पुढच्या खेपेला कुंद्याचा पुडा घेऊन लगेच गाडी वळवू नका. एक तास भुईकोटासाठी काढा, कमल बस्तीत मान वर करून छताकडे बघा. वेळ असला तर येळ्ळूरला जा. आणि पोरांना बरोबर न्या. सायप्रस कुठे पळून जात नाही.